कुठेच न सापडणारे काका

माणसं आयुष्यभर कुठे ना कुठे आपली खूण ठेवायला धडपडतात. कोणी घराला स्वतःचं नाव देतं, कोणी देवळाच्या पायरीवर ते कोरून घेतं, आणि ज्याला यातलं काही जमत नाही तो बसच्या सीटमागे पेनाने लिहितो. आपली खूण कुठेही राहू नये म्हणून उभं आयुष्य खर्ची घालणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. त्यांना मी काका म्हणते. ते माझे काका नाहीत. आमचं रक्ताचं काही नातं नाही, आणि हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोलले असते तर त्यांनी शांतपणे विचारलं असतं, "तपासलं आहेस का?"

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलजवळच्या एका बिझनेस पार्कमध्ये, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या मागे, एक बुटकी विटकरी इमारत होती. तिच्यावर पाटी नव्हती. पोलिसांनी गुन्ह्याच्या जागेवरून आणलेल्या वस्तू तिथे यायच्या आणि त्या वस्तूंना कोणाकोणाचा हात लागला असावा, ते आम्ही डीएनएवरून शोधायचो. मी मुंबईहून एमएस्सी करायला आले होते आणि ते संपल्यावर तिथे ट्रेनी म्हणून लागले. काका तिथले सगळ्यात जुने. रक्तगटावरून गुन्हेगार शोधायच्या दिवसांपासून ते या कामात होते. लॅबमधले सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, रिसेप्शनवरची एकोणीस वर्षांची मुलगीसुद्धा. मला ते जमेना. वडिलांच्या वयाच्या सांगलीकर माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ उचलत नव्हती, आणि 'सर' म्हटलं की बाकीचे हसायचे. म्हणून पहिले तीन महिने मी त्यांना काहीच म्हटलं नाही. काही विचारायचं असलं की ऑफिसातल्या त्यांच्या खुर्चीशी जाऊन, ते वर बघेपर्यंत उभी राहायची. एकदा ते बराच वेळ वर बघेनात. शेवटी माझ्या तोंडून "काका" निघून गेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "चला. नमुन्यावर लेबल लागलं."

काका 'नक्की' हा शब्द वापरत नसत. सुरुवातीला मला ती नम्रता वाटली. पुढे कळलं की तो त्यांचा धर्म होता. कामात त्यांनी कोणाबद्दल 'हाच तो' असं कधी लिहिलं नाही. फार तर 'याला वगळता येत नाही' असं लिहायचे. ही भाषा कामावर शोभायची, पण त्यांनी ती घरी नेली होती. लंडनच्या हॅरो भागातल्या त्यांच्या घरी स्वयंपाकघरातून काकू विचारायच्या, "अहो, जेवायला बसताय का?" आणि बाहेरून उत्तर यायचं, "ती शक्यता वगळता येत नाही." काकू कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होत्या आणि दिवसभर शांतता राखून घरी आल्यावर सगळी भरपाई करायच्या. "लग्नाला हो म्हणालात तेव्हा तरी नक्की म्हणाला होतात का, की तेव्हाही मला वगळता आलं नव्हतं?" असं त्या विचारायच्या. काका पोळीचा तुकडा मोडून गंभीरपणे सांगायचे की त्या वेळी तंत्र इतकं पुढे गेलेलं नव्हतं.

'नक्की' म्हणताना मी त्यांना एकदाच ऐकलं. हॅरोच्या एका हॉलमध्ये कोणाच्या तरी नातवाचं बारसं होतं. नेहमीप्रमाणे बायका बाळाभोवती गोळा झाल्या होत्या; नाक कोणाचं, हनुवटी कोणाची, यावर वाद चालला होता. कोणाला तरी आठवलं की या विषयातला अधिकारी माणूस समोर बटाटेवडा खातोय. त्यांनी काकांना बाळाजवळ ओढत नेलं आणि निकाल मागितला. काकांनी बाळाकडे नीट पाहिलं. "अर्धं आईचं, हे नक्की," ते म्हणाले. "उरलेल्याबद्दल माझ्याकडे नमुना नाही." हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की चहाच्या मशीनची घरघर ऐकू आली. परतताना गाडीत काकांना खरोखरच कळेना की एवढं बिनचूक उत्तर देऊन आपलं चुकलं कुठे.

आमच्या कामातली अवघड गोष्ट म्हणजे मिश्रण. एकाच माणसाचा नमुना असला तर काम सोपं. डीएनएमधल्या ठराविक दहा जागा आम्ही बघायचो. प्रत्येक जागेवर माणसाचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. मशीनमधून कागद बाहेर येतो तेव्हा ते आकडे टोकदार शिखरांसारखे उमटलेले असतात. पण दाराची मूठ, टोपी, गाडीचं स्टिअरिंग अशा गोष्टींना एकाच माणसाचा हात लागलेला नसतो. मग कागदावर दोघातिघांची शिखरं एकमेकांत घुसून उभी राहतात. काही उंच, काही बुटकी, काही उंचाच्या मागे दडलेली, आणि काही तर शिखरं नसतातच. मोठ्या शिखराच्या शेजारी मशीन एक छोटी सावली पाडतं, ती असते. ही गर्दी वेगळी कशी करायची, हे मला पुस्तकातून कळेना. काकांनी ते मला त्यांच्या घरच्या दारात शिकवलं.

गणपतीचे दिवस होते. काका-काकूंकडे हॅरो, वॉटफर्डकडचे बरेच लोक आरतीला आले होते आणि दाराशी चपलाबुटांचा ढीग पडला होता. मी आत जायला लागले तर काकांनी मला पॅसेजमध्येच थांबवलं. "आत किती माणसं आहेत, सांग. आत बघायचं नाही." मी चपला मोजल्या, दोनाने भागलं आणि चौदा म्हटलं. "किमान चौदा म्हण," ते म्हणाले. एखाद्याच्या चपला दुसऱ्याच्या बुटाखाली गेल्या असतील. एखादं लहान मूल कडेवर आलं असेल, त्याला चपलाच नसतील. दोघांनी एकाच दुकानातून एकसारखे बूट घेतले असतील, तर एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अशी जोडी लावून तू एक माणूस खाऊन टाकशील. आणि तो कोपऱ्यातला मोठा बूट आज आलेल्या कोणाचाच नाही, तो मागच्या वर्षीपासून पडून आहे. मग ते वाकले, ढिगाकडे बघत राहिले आणि हळूहळू आतली माणसं सांगू लागले. एक उंच माणूस, पाय ओढत चालणारा. दोघी एका घरातल्या. एक नुकतीच भारतातून आलेली, कारण तिच्या चपलेला अजून इथल्या पावसाचा डाग नाही. आत आरती संपत आली होती आणि मी तोंड उघडं टाकून उभी होते. मी काकूंकडची पाहुण्यांची यादी मागितली, पडताळून बघायला. काकांनी हात आडवा केला.

"आधी मोज, मग यादी बघ. यादी आधी बघितलीस तर प्रत्येक चपलेत तुला तेच पाय दिसतील."

काकांचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत होतं. आमच्याकडे मिश्रणाच्या कागदाबरोबर संशयिताचा स्वतःचा कागदही यायचा. तो काका बंद पाकिटात ठेवायला लावत आणि पाकिटावर त्यांच्या आईचा पितळी अडकित्ता ठेवत. मिश्रणात किती माणसं, कोणती शिखरं खरी, कोणती सावली, हे आधी लिहायचं, सही करायची, वेळ टाकायची. मगच अडकित्ता उचलायचा. थेम्स व्हॅलीतल्या एका पोलीस इन्स्पेक्टरला याची कल्पना नव्हती. त्याने फोनवर संशयित कोण आणि कसा, हे सांगायला सुरुवात केली. काकांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि मोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पलीकडचं बोलणं थांबल्यावर त्यांनी रिसीव्हर कानाला लावून शांतपणे विचारलं, "सॉरी, यू वेअर सेइंग?" पोलिसांमध्ये पुढे असं पसरलं की हे गृहस्थ धार्मिक आहेत, प्रार्थनेच्या वेळी फोन करू नये. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं. मराठी पाढे मला दहापुढे येत नव्हते. एकोणतिसाचा मात्र आज पाठ आहे, काचेपलीकडून ऐकून ऐकून.

त्यांना कागद वाचताना बघणं हा एक अनुभव होता. कागद भिंतीवर लावून ते हात मागे बांधून समोर उभे राहायचे, दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. एका हातोड्याच्या दांड्यावरच्या मिश्रणावर आम्ही तिघी ट्रेनी दोन दिवस वाद घालत होतो आणि दोन माणसांवर येऊन थांबलो होतो. काका अर्धा तास उभे राहिले आणि म्हणाले, "किमान तीन. तिसरा पहिल्याच्या सावलीत उभा आहे." मग जरा थांबून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात, "भाऊ असावा. पण हे मला वाटतंय, आणि वाटणं हा पुरावा नाही, तेव्हा लिहायचं नाही." काही आठवड्यांनी पोलिसांनी पकडलेल्यांत दोघं भाऊ होते. मी धावत जाऊन सांगितलं. त्यांना आनंद झाला नाही, उलट जरा रागच आला. "बरोबर आलं म्हणून वाटणं चांगलं होत नाही गं. उद्या चुकीचं वाटेल तेव्हा हेच आठवून लिहून टाकशील." मला त्या दिवशी त्यांची थोडी भीतीच वाटली. एवढं ज्याला दिसतं तो माणूस त्यातलं इतकंच लिहितो, हे माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला.

आणि आता त्यांचा अभिमान. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए एका यादीत ठेवलेला असतो, नावाने नाही, नंबराने. मिश्रणात अनोळखी शिखरं निघाली की ती आधी या यादीशी ताडून बघायची, कारण आपल्यातलंच कोणी नमुन्यावर शिंकलं, खोकलं, बोललं, तर तिथे आपणच सापडतो. बहुतेक सगळे कधी ना कधी सापडले होते. आमची मॅनेजर हेलन दोनदा सापडली होती. काका इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्यासाठी ते नमुने उघडायच्या टेबलाशी बोलायचे नाहीत. मास्क असतानाही नाही. टेबलावर बोटाने एक टकटक म्हणजे पेन, दोन म्हणजे ट्यूब, तीन म्हणजे बाहेर जाऊन बोलू. एकदा फायर ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हा त्यांनी ट्यूबचं झाकण बंद केलं, तीनदा टकटक केली आणि बाहेर पार्किंगमध्ये रांगेत उभं राहिल्यावर सांगितलं की भोंगा वाजतोय. लॅब बघायला पाहुणे आले की हेलन त्यांच्याकडे बोट दाखवायची: हा आमचा कुठेच न सापडणारा माणूस. काका मान खाली घालायचे, पण कान लाल व्हायचे.

या माणसाने घरी मात्र स्वतःला भिंतीवर टांगलं होतं. दारातून आत गेल्यावर कोट अडकवायच्या खुंट्यांच्या वर दोन फ्रेमा होत्या. एकीत काकांच्या डीएनएचा कागद, दुसरीत काकूंचा. "लोक लग्नाचा फोटो लावतात," काकू म्हणायच्या. काका म्हणायचे की फोटोत माणूस पोट आत घेतो, इथे घेता येत नाही. दहा जागांपैकी एकाच जागेवर दोघांचा एक आकडा जुळत होता. तेवढा संसाराला पुरतो, असं त्यांचं मत होतं. दोन फ्रेमांच्या खाली तिसरीला पुरेल एवढी भिंत रिकामी होती. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. दर शुक्रवारी ते मला गाडीतून घरी जेवायला न्यायचे. मी कोट अडकवायचे, बूट काढायचे आणि लेस सुटेपर्यंत समोर काकांचे आकडे असायचे. मुद्दाम पाठ केले नाहीत, पण झाले.

दोन वर्षं होत आली तेव्हा मला स्वतंत्रपणे काम करायची परवानगी मिळायची वेळ आली. त्यासाठी एक नमुना पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताने व्हायला हवा होता आणि काकांनी मागे उभं राहून बघायचं होतं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी चोरी झाली होती. त्यांचाच टॉर्च चोराने वापरून बागेत टाकला होता. टॉर्चच्या मुठीवर फिरवलेला कापूस आमच्याकडे आला होता. त्याचे दोन भाग करून एक वापरायचा आणि एक बाजूला ठेवायचा, हाही काकांचा नियम: चुकायला जागा ठेवावी. मी कापलं, ठेवलं, झाकण उघडलं आणि माझा हात थरथरायला लागला. मी कोणासमोर जेवायलाही लाजणारी मुलगी. इथे माझ्या पाठीवर काकांची नजर होती आणि उघडी ट्यूब हातात होती. हात थांबेना. मी डोळे मिटून उभी राहिले. तेव्हा काका पुढे आले, माझ्या खांद्याशी वाकले, बोटाने मास्क जरा खाली केला, मला चेहरा दिसावा म्हणून असेल, आणि अगदी हळू म्हणाले, "घाई नाही गं. ट्यूब काही पळून जात नाही."

हात थांबला. मी काम पूर्ण केलं. काही वेगळं घडलं असं तेव्हा मला वाटलंसुद्धा नाही. एवढंच लक्षात राहिलं की त्या टेबलाशी मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

कागद आला त्या दिवशी काका साक्ष देण्यासाठी लंडनच्या कोर्टात होते. मी नियमाप्रमाणे वाचला. दोन माणसं ठळक होती. त्यांच्या पायाशी, वाचायची की सोडून द्यायची अशा उंचीवर, आणखी काही बारीक शिखरं होती. मी लिहिलं: किमान तीन. सही केली, वेळ टाकली, अडकित्ता उचलला. पाकिटात म्हाताऱ्या बाईंचा आणि पकडलेल्या माणसाचा असे दोन कागद होते. दोन ठळक माणसांमधून त्या दोघांना वगळता येत नव्हतं. तिसरा दोघांपैकी कोणी नव्हता. मग स्टाफची यादी काढली. चार नंबरवर येऊन बोट थांबलं. जिथे जिथे शिखर दिसत होतं तिथे तिथे चार नंबर बसत होता. चार नंबर कोण, हे हेलनच्या कपाटातल्या वहीत लिहिलेलं असतं आणि ते मला कळायचं काही कारण नव्हतं. पण हे आकडे मी दोन वर्षं दर शुक्रवारी बुटांच्या लेस सोडताना वाचत होते.

मी कागद फाइलमध्ये घातला आणि फाइल ड्रॉवरमध्ये. घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती शिखरं इतकी बारीक होती की 'मशीनची सावली' म्हणून सोडून दिली असती तर मला कोणी विचारलं नसतं. काका कुठेच न सापडणारे राहिले असते. नियम असा होता की नमुन्यात सापडलेल्या माणसाने चौकशी संपेपर्यंत टेबलाशी उभं राहायचं नाही, आणि त्या टेबलाशिवाय काकांची कल्पना मला करता येत नव्हती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी लिहायला मला आजही बरं वाटत नाही. ते का बोलले असं कोणी विचारलं असतं तर उत्तर माझ्या थरथरत्या हातापाशी येऊन थांबलं असतं, आणि माझी परवानगी गेली असती. पण मी 'किमान तीन' लिहून सही केली होती. आणि तिसरा अनोळखी म्हणून पोलिसांकडे गेला असता तर ते कोणाला तरी शोधायला निघाले असते.

सकाळी काका आले तेव्हा कोर्टातला कोट अजून अंगावर होता. मी यादी आणि माझं वाचन दोन्ही अडकित्त्याखाली ठेवलं आणि त्यांच्या समोर भिंतीवर फक्त कागद लावला. त्यांनी हात मागे बांधले. पाच मिनिटांनी म्हणाले, "किमान तीन. तिसरा अगदी थोडा. जाता जाता कोणीतरी बोलून गेलंय." मग ते आणखी जवळ गेले. एकेका बारीक शिखराखालचा आकडा वाचत डावीकडून उजवीकडे गेले, आणि मला दिसलं की अर्ध्या वाटेत त्यांनी वाचणं थांबवलं होतं. स्वतःचा चेहरा कोणी वाचत नाही. त्यांचे कान लाल झाले. ते वळले, अडकित्ता उचलला, माझं वाचन काढून माझी सही आणि वेळ बघितली.

"चांगलं वाचलंस," ते म्हणाले. "सोडून द्यावंसं वाटलं होतं?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मलाच माहीत नाही.

त्यांनी लगेच चूक नोंदवायचा फॉर्म काढला आणि उभ्याउभ्याच भरायला लागले. काय घडलं: उघड्या ट्यूबपाशी, मास्क खाली करून बोललो. कोण: चार नंबर. 'कारण' या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. मी म्हटलं, काका, माझा हात थरथरत होता म्हणून तुम्ही बोललात, ते लिहा. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तो तुझा हात. फॉर्म माझ्या तोंडाबद्दल आहे."

फॉर्म घेऊन ते स्वतःच हेलनकडे गेले. मी टेबलाशी बसून राहिले. कोणी बोलावल्याशिवाय मी कधी कुठल्या केबिनमध्ये गेलेली नव्हते. त्या दिवशी गेले. जिना चढताना मनात एकोणतिसाचा पाढा म्हणत होते आणि दार वाजवलं तेव्हा दोनशे बत्तीसपर्यंत पोचले होते. काका बाहेर पडले होते. हेलनला मी सगळं सांगितलं, बहुधा एका दमात आणि चुकीच्या इंग्लिशमध्ये. तिने ऐकून घेतलं आणि काकांनी रेघ मारली होती तिथे खाली एक ओळ लिहिली. माझी परवानगी तीन महिने पुढे गेली. काका टेबलापासून दूर झाले. बाजूला ठेवलेला अर्धा कापूस दुसऱ्या कोणीतरी तपासला. त्यात दोघंच निघाली, तिसरा नव्हता. बऱ्याच दिवसांनी तोच पाढेवाला इन्स्पेक्टर हेलनला सांगत होता, ते मी ऐकलं. पकडलेल्या माणसाने चोरी पहिल्याच दिवशी कबूल केली होती. मी एकटाच होतो, असं तो म्हणत होता आणि त्यावर कोणाचा विश्वास नव्हता. बरोबर कोण होतं ते सांग, म्हणून ते त्याच्या मागे लागले होते. त्यांना आमच्याकडून तो दुसरा हवा होता. तो दुसरा म्हणून आम्ही सांगलीचे काका पाठवले असते.

त्या शुक्रवारी मला वाटलं, आज काका मला गाडीत बस म्हणणार नाहीत. ते नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये इंजिन चालू करून बसले होते. एम-पंचवीस हायवेवर ट्रॅफिक लागला. मग म्हणाले, "हेलनकडे गेली होतीस म्हणे. कशाला?" मी म्हटलं, कारणाचा रकाना रिकामा होता. ते हसले नाहीत, पण गाडी जरा जास्तच काळजीपूर्वक चालवू लागले. घरी काकूंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी वरणभात वाढता वाढता विचारलं, "काय हो, सापडलात म्हणे?" काका म्हणाले, "वगळता आलं नाही." काकूंनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि माझ्या भातावर आणखी एक चमचा तूप घातलं.

चौकशी संपल्यावर त्यांना टेबलावर परत जायची मुभा होती. ते गेले नाहीत. कागद वाचायचे, आम्हाला वाचायला लावायचे, पाकिटं अडकित्त्याखाली ठेवायचे. पाहुणे आले की हेलन आता त्यांच्याकडे बोट दाखवत नव्हती, आणि मला वाटतं त्यांना ते बरंच वाटत असावं. पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. त्यानंतर वर्षभरात हॅरोचं घर सोडून दोघं सांगलीला गेली. सामान बांधायला मी गेले होते. फ्रेमा मीच भिंतीवरून उतरवल्या. त्यांच्यामागचा भिंतीचा कागद पिवळा पडला नव्हता आणि दोन स्वच्छ चौकोन उरले होते. काकांनी त्या स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळल्या. अडकित्ता त्यांनी लॅबमध्येच ठेवला होता, मला काही न सांगता, माझ्या टेबलावर, एका पाकिटावर.

आता मी वॉटफर्डला राहते आणि तिथून रोज कामावर जाते. माझ्या हाताखाली दोन ट्रेनी आहेत. टेबलाशी मी बोलत नाही. रविवारी सांगलीला फोन लावते. पलीकडून काकू उचलतात, काका आहेत का विचारलं की मागून आवाज येतो, तो काय म्हणतो ते तुम्हाला आता सांगायला नको. लॅब सोडून गेलेल्यांचे नंबर यादीतून काढत नाहीत, कारण जुने नमुने पुन्हा उघडावे लागतात. त्यामुळे मिश्रणात अनोळखी शिखरं निघाली की मी अजून ती यादी वरून खाली ताडून बघते. एक, दोन, तीन. चार नंबरवर माझं बोट गरजेपेक्षा जरा जास्त वेळ थांबतं. मी दहाही जागा बघते, एकेक आकडा, घाई न करता, आणि मग पुढे लिहिते: नाही. तसंच असायला हवं. त्यांनाही तेच आवडेल. मग मी पाच नंबरकडे जाते.